पडद्यावरचे मैदान (लेखांक ६) : ऑर्ग उभी राहते आणि बुडते

व्यावसायिक ई-स्पोर्ट्स संस्था म्हणजे खेळाडूंना पगारावर ठेवून स्पर्धांत उतरवणारी कंपनी. या क्षेत्रातली मंडळी तिला नुसते ‘ऑर्ग’ म्हणतात. क्रिकेटच्या क्लबाशी तिची तुलना लगेच सुचते, पण ती फार पुढे जात नाही. क्रिकेट हा खेळ कुणाच्या मालकीचा नाही. उद्या एखादे मंडळ बुडाले तरी मैदान, बॅट आणि खेळ शिल्लक राहतो. संगणकावरचा किंवा मोबाइलवरचा खेळ मात्र एखाद्या कंपनीची खासगी मिळकत असतो. सर्व्हर ती चालवते, नियम ती बदलते, स्पर्धेला परवानगी तीच देते, आणि मनात आले तर खेळच बंद करते. ऑर्गच्या हाती उरतात ते खेळाडूंबरोबरचे करार, एक बोधचिन्ह आणि चाहत्यांचे प्रेम. तेही बहुधा खेळाडूवरचे असते, संस्थेवरचे नव्हे.

मिळकतीचा हिशेबही तसाच लंगडा असतो. बक्षिसाचा मोठा वाटा खेळाडूंकडे जातो, त्यामुळे ऑर्गची भिस्त राहते ती जर्सीवर नाव छापणाऱ्या प्रायोजकांवर. मोबाइल, हेडफोन, खुर्च्या, शीतपेये यांचे उत्पादक पैसे देतात ते तरुण प्रेक्षकांपर्यंत पोचण्यासाठी. खर्च मात्र दर महिन्याला ठरलेला: पगार, प्रशिक्षक, प्रवास, व्हिसा, आणि ‘बूटकॅम्प’चे भाडे. बूटकॅम्प म्हणजे सगळ्या संघाने एकत्र राहून सराव करायची जागा, मुंबई-नवी मुंबईत बहुतेकदा एखादा मोठा फ्लॅट. दुपारी उठायचे, रात्री उशिरापर्यंत दुसऱ्या संघांबरोबर सरावसामने म्हणजे ‘स्क्रिम’ खेळायचे, असा तिथला दिनक्रम. स्पर्धा असो वा नसो, फ्लॅटचे भाडे थांबत नाही.

भारतात हे सगळे आधी संगणकावर सुरू झाले. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा पाच विरुद्ध पाच जणांचा गोळीबाराचा खेळ सायबर कॅफेंत मुरला आणि त्यातून संघ तयार झाले. चांगला संगणक परवडणारी घरे थोडी, म्हणून खेळाडूही थोडे आणि तेही शहरातलेच. या छोट्या वर्तुळात २०१८ मध्ये एक मोठे नाव आले. २००६ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी’ खेळणाऱ्यांच्या चमूतून वाढलेल्या ऑप्टिक गेमिंग या अमेरिकी संस्थेने ऑप्टिक इंडिया हा काउंटर-स्ट्राइकचा संघ उभा केला. त्याआधीच्या वर्षी ऑप्टिकचा मोठा हिस्सा टेक्सासच्या इन्फिनिट ई-स्पोर्ट्स या कंपनीने घेतला होता आणि गुंतवणूकदारांच्या पैशावर विस्तार जोरात चालू होता. हिरव्या-काळ्या जर्सीतला भारतीय संघ हा त्या विस्ताराचाच एक तुकडा होता.

तो काही महिनेच टिकला. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायला झोवी कंपनीची एक्स्ट्रीम्सलँड ही आशियाई स्पर्धा चालू होती. १९ तारखेला ऑप्टिक इंडियासमोर व्हिएतनामचा रिव्होल्यूशन हा संघ होता. सामना चालू असताना पंच ‘फोर्सेकन’ या टोपणनावाने खेळणाऱ्या भारतीय खेळाडूच्या खुर्चीपाशी आले आणि त्यांनी संगणक तपासायला मागितला. खेळाडू माउस सोडेना. पंचांच्या देखत त्याने एक फाइल पुसून टाकायची धडपड केली. फाइलचे नाव होते ‘वर्ड.एक्झी’. पत्र टाइप करायच्या साध्या सॉफ्टवेअरचे नाव पांघरलेला तो प्रोग्रॅम प्रत्यक्षात नेम साधून देणारा होता: प्रतिस्पर्धी दिसला की बंदुकीचे टोक आपोआप त्याच्याकडे वळायचे. या झटापटीची चित्रफीत जगभर फिरली आणि त्या फाइलच्या नावावरून आजही विनोद होतात.

संघ स्पर्धेतून बाद झाला. ऑप्टिकने त्या खेळाडूला काढले आणि त्याच्याबरोबर सगळा भारतीय संघही मोडला. लबाडी एकाची, पण नोकरी पाचांची गेली. स्पर्धांच्या सचोटीवर लक्ष ठेवणाऱ्या ‘ईएसआयसी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने पुढे त्याच्यावर ५ वर्षांची बंदी घातली.

या प्रकरणाचे सगळे खापर त्या एका मुलावर फोडणे सोपे आहे, आणि दोष त्याचाच होता. पण एका फाइलने सगळी शाखा का कोसळली, हा प्रश्न वेगळा आहे. ती शाखा एकाच खेळावर आणि एकाच संघावर उभी होती. तो संघ गेल्यावर वाचवण्यासारखे भारतात काही उरले नाही, आणि मूळ संस्थेला भीती होती ती आपल्या नावाला बट्टा लागण्याची. खुद्द त्या मूळ संस्थेचाही पाया भुसभुशीतच निघाला. २०१९ मध्ये इन्फिनिट कंपनी इमॉर्टल्स या दुसऱ्या ई-स्पोर्ट्स कंपनीला विकली गेली आणि ऑप्टिकचा कर्ताधर्ता हेक्टर रॉड्रिग्ज याला ते नाव परत मिळवायला नोव्हेंबर २०२० उजाडले.

ऑप्टिक इंडिया बुडत असतानाच दुसरी, कितीतरी मोठी लाट उठली होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ हा फोनवर खेळायचा गोळीबाराचा खेळ आला. आता संगणक नको होता, सायबर कॅफे नको होता. अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना लागणाऱ्या नागावसारख्या गावात, माडा-पोफळीच्या वाडीतल्या ओटीवर बसलेला मुलगाही मुंबईच्या मुलाच्या संघात खेळू शकत होता. फरक उरला तो ‘पिंग’चा, म्हणजे बोटाचा इशारा सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा. किनाऱ्यावर पावसाळ्यात नेटवर्क ढेपाळते, पिंग वाढते आणि आपण गोळी झाडण्याआधीच समोरच्याची गोळी लागलेली असते. गावाकडच्या खेळाडूला बूटकॅम्पचे आकर्षण वाटते ते पगाराइतकेच चांगल्या इंटरनेट लाइनसाठी.

मार्च २०१९ मध्ये हैदराबादला झालेल्या पबजी मोबाइल इंडिया सीरीजची एकूण बक्षिसे १ कोटी रुपयांची होती. ती टीम सोलने जिंकली. या संघाचा चेहरा होता ‘मॉर्टल’ म्हणजे मुंबईचा नमन माथुर, आणि त्याच्या यूट्यूब वाहिनीचे चाहते संघाच्या चाहत्यांहून वेगळे काढता येत नव्हते. बाजार दिसताच परदेशी नावे पुन्हा आली. लंडनच्या फ्नॅटिकने २०१९ मध्ये भारतीय संघ घेतला. अमेरिकेच्या टीएसएमने २०२० च्या सुरुवातीला मुंबईच्या एन्टिटी गेमिंगशी हातमिळवणी केली आणि ‘टीएसएम-एन्टिटी’ हा संघ मैदानात आला. त्या वर्षीच्या पावसाळ्यातल्या जागतिक लीगच्या पूर्व विभागात ऑरेंज रॉक या भारतीय संघाने दुसरा क्रमांक पटकावला.

त्यानंतर काही आठवड्यांतच, २ सप्टेंबर २०२० रोजी, केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली. चीनशी गलवानमध्ये झालेल्या चकमकीनंतरच्या या यादीत पबजी मोबाइल होते. संघाने फसवले नव्हते, कुणी हरले नव्हते, तरी एका संध्याकाळी मैदानच गेले. प्रायोजक थांबले. फ्नॅटिकने यथावकाश आपला भारतीय संघ मोडला आणि टीएसएम-एन्टिटीची जोडीही फुटली. टीएसएमची पुढची कहाणी वेगळ्याच वाटेने गेली. जून २०२१ मध्ये एफटीएक्स या आभासी चलनाच्या कंपनीने तिच्याशी २१ कोटी डॉलरचा, १० वर्षांचा नावाचा करार केला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्सच दिवाळखोरीत निघाली.

बंदी आलेला पबजी मोबाइल हाच खेळ ‘बीजीएमआय’ या नावाने क्राफ्टन कंपनीने जुलै २०२१ मध्ये भारतात परत आणला. २०२२ च्या पावसाळ्यात त्याची स्पर्धा स्टार स्पोर्ट्सवर, थेट टीव्हीवर दिसली. ती संपून दोन आठवडेही झाले नव्हते, तोच २८ जुलैला खेळ पुन्हा ॲप स्टोअरवरून उतरवला गेला. तो परतला मे २०२३ च्या अखेरीस. दोन वेळा मैदान गमावलेल्या खेळाडूला कुणी ‘स्थिर नोकरी’ म्हणून हे क्षेत्र सुचवले, तर तो हसल्याशिवाय राहणार नाही.

या पडझडीत टिकल्या त्या दोन तऱ्हेच्या संस्था. एन्टिटीने भारताबाहेर पाय टाकला. ‘डोटा २’ या खेळात तिने युरोपीय खेळाडूंचा संघ बांधला आणि तो २०२२ मध्ये सिंगापूरच्या ‘द इंटरनॅशनल’ स्पर्धेपर्यंत पोचला. नाव मुंबईचे, खेळाडू युरोपचे, हा प्रकार ऑप्टिक इंडियाच्या बरोबर उलटा. दुसरी तऱ्हा सोलच्या मंडळींची. सोल आणि ८बिट या दोन संस्थांच्या मेळातून झालेल्या ‘एस८यूएल’ने स्पर्धेइतकाच, किंबहुना अधिक भर रोजच्या चित्रफितींवर आणि थेट प्रक्षेपणावर दिला. खेळ बंद असतानाही बूटकॅम्पमधले विनोद, भांडणे आणि जेवणावळी लोक पाहत राहिले आणि प्रायोजकही थांबले नाहीत. २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स अवॉर्ड्समध्ये या चमूला आशयनिर्मितीचा जागतिक पुरस्कार मिळाला. खेळ जिंकण्यावर जगणारी संस्था म्हणून तिच्याकडे पाहणे मात्र आता अवघड आहे. ती अधिक करून मनोरंजन कंपनी आहे.

कायद्याची चौकट त्यानंतर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगसंबंधी कायदा केला. त्याने ई-स्पोर्ट्सला कौशल्याची स्पर्धा म्हणून मान्यता दिली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींसह, बंदी घातली. ऑर्गसाठी याचे दोन अर्थ निघतात. जुगाराच्या संशयाची जुनी छाया कागदोपत्री दूर झाली, पण त्याच वेळी पैसे लावण्याच्या ॲपकडून जर्सीवर नाव घ्यायचा मार्ग बंद झाला. खेळाच्या मालकीचा प्रश्न त्या कायद्याने हाताळलेला नाही, आणि प्रकाशक कंपनीने सर्व्हर बंद केला तर संघाने कुणाकडे दाद मागायची, हे आजही फक्त त्या कंपनीच्या अटींतच शोधावे लागते.