मांसाहारी स्पंज
छिद्री (पोरिफेरा) संघातील, लहान कवचधारी प्राणी पकडून त्यांवर उपजीविका करणारे सागरी स्पंज. यांतील बहुसंख्य जाती डेमोस्पंजिया वर्गाच्या पीसिलोस्क्लेरिडा गणातील क्लॅडोरायझिडी कुलात मोडतात. सामान्य स्पंज शरीरातून पाणी खेळवून कॉलर कोशिकांच्या साहाय्याने त्यातील जंतू व सूक्ष्मकण गाळून घेतात. खोल समुद्रात असे अन्न विरळ असते. या कुलातील बहुतेक जातींत ही यंत्रणा लोप पावली आहे. त्यांच्या तंतूंवरील आकड्यांसारख्या सूक्ष्म कंटिकांत भक्ष्याची उपांगे अडकतात. नंतर भोवतालच्या कोशिका सरकत येऊन भक्ष्याला वेढतात व काही दिवसांत ते पचवितात.

ही भक्षणरीती झां व्हासले व निकोल बुरी-एस्नो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. भूमध्य समुद्रातील एका थंड पाण्याच्या गुहेत, ३० मी.पेक्षा कमी खोलीवर, त्यांना हे स्पंज जिवंत अभ्यासता आले. काही जातींना नावे मात्र फार पूर्वीच मिळाली होती. मुंबई बेटावरील तळ्यांतील स्पंजांचे वर्णन १८४९ मध्ये करणारे लष्करी शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर यांनी इंग्लंडला परतल्यावर, ‘पॉर्क्युपाइन’ जहाजाने अटलांटिक महासागरातून आणलेल्या नमुन्यांतील एका जातीला १८७४ मध्ये एस्पेरिया क्युप्रेसिफॉर्मिस असे नाव दिले. आज ती लायकोपोडिना या मांसाहारी वंशात गणली जाते. आहाराविषयी काहीही ठाऊक नसताना केवळ आकार व कंटिका यांवरून केलेले ते वर्णन आजही उपयोगी पडते.

वर्गीकरणासाठी स्पंजाचा तुकडा नायट्रिक अम्लात विरघळवितात. उरलेल्या सिलिकामय कंटिकांचे प्रकार व मापे सूक्ष्मदर्शकाखाली नोंदवून ज्ञात जातींशी ताडून पाहतात. अलीकडे डीएनए-क्रमाचीही जोड देतात. वर्णनाचा आधार असलेला प्ररूप नमुना संग्रहालयात जतन करतात. ओढजाळ्यात नाजूक देह मोडतो; म्हणून दूरनियंत्रित यानांचे महत्त्व वाढले आहे. कॅलिफोर्नियाजवळ सु. ३,३०० मी. खोलीवरील वीणेच्या आकाराची काँड्रोक्लॅडिया लायरा ही जाती अशा यानांमुळे २०१२ मध्ये वर्णिली गेली.

सिंधुदुर्गालगतची समुद्रबूड जमीन उथळ असल्याने मालवणी मच्छीमारांच्या जाळ्यांत खोल समुद्रातील हे प्राणी येत नाहीत. दोडामार्ग तालुक्याला लागून असलेल्या गोव्यात, दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या ‘गवेषणी’ जहाजाने १९८१ मध्ये बहुधातुक गोटे प्रथम वर आणले. मध्य हिंदी महासागरातील ७५,००० चौ. किमी. क्षेत्रात अशा गोट्यांच्या समन्वेषणाचा हक्क भारताकडे आहे. अनेक स्पंजांना चिकटण्यास कठीण पृष्ठ लागते आणि मऊ गाळाच्या तळावर ते मुख्यतः या गोट्यांमुळे मिळते. गोटे दशलक्ष वर्षांत काही मिमी. एवढेच वाढतात. त्यामुळे खाणकामापूर्वी तेथील जातींची नोंद झाली नाही, तर काय नष्ट झाले हेही पुढे सांगता येणार नाही.