दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं का?

आपल्या हॉस्टेलमध्ये कुणाचा पाय मुरगळला की दोन मिनिटांत पाच डॉक्टर गोळा होतात. एक म्हणते बर्फ लाव, दुसरी म्हणते गरम पाण्यात पाय बुडव, मेसच्या मावशी हळद-चुन्याचा लेप आणतात आणि कुणीतरी जोरजोरात चोळायलाच बसतं. मागच्या वर्षी खो-खोच्या प्रॅक्टिसमध्ये माझा घोटा मुरगळला तेव्हा हे सगळे प्रयोग माझ्यावर झाले. आठ-दहा दिवसांत दुखणं थांबलं, मी मैदानात उतरले आणि तोच घोटा पुन्हा मुरगळला! मग मात्र फिजिओथेरपिस्टकडे जावंच लागलं. तिथे जे समजलं ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं किंवा थोडं फाटतं. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारी दोरी, एवढंच मला माहीत होतं. पण ती नुसती दोरी नाही. तिच्यात मज्जातंतूंची टोकं असतात. सांधा किती वळलाय याची खबर ती मेंदूला देत राहतात. पाऊल वाकडं पडू लागलं की पायाचे स्नायू लगेच त्याला सावरतात. म्हणजे आपण कंट्रोल सिस्टीम्समध्ये शिकतो तो फीडबॅक लूपच की! दुखापतीत दोरीबरोबर सेन्सरही बिघडतो. सूज उतरते, दुखणं थांबतं, पण सेन्सर अजून कच्चाच असतो. माझं नेमकं इथेच चुकलं.

1965 साली इंग्लंडमध्ये फ्रीमन यांनी हीच कल्पना मांडली आणि हलत्या फळीवर तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवले. आजही फिजिओथेरपीत तेच तत्त्व वापरतात.

पण सगळ्यात आधी बघायचं ते हाड मोडलंय का. त्यासाठी 1992 मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी सोपे नियम काढले. घोट्याच्या हाडावरच दाबल्यावर दुखत असेल, किंवा चार पावलंसुद्धा टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायला डॉक्टरांकडे जायचंच. तिथे मावशींचा लेप चालणार नाही!

हाड शाबूत असेल तर पहिले दोन-तीन दिवस पाय उंच ठेवायचा, क्रेप बँडेज बांधायचं आणि चोळायचं अजिबात नाही. बर्फाने दुखणं कमी होतं, पण तो कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटंच लावायचा. आराम आणि बर्फाचा 'राइस' हा मंत्र 1978 मध्ये अमेरिकेतल्या डॉ. मर्किन यांनी दिला. गंमत म्हणजे त्यांनीच 2014 मध्ये सांगितलं, की बर्फ आणि पूर्ण आराम यांमुळे भरून यायला उशीर होऊ शकतो. नुसतं पडून राहिलं तर सांधा आखडतो आणि स्नायू बारीक होतात. बेताबेताने भार दिला तर नवे तंतू नीट दिशेने जुळतात.

म्हणून मला पायऱ्या ठरवून दिल्या. आधी अंगठ्याने हवेत एबीसीडी लिहायची. मग रबरी पट्ट्याला ताण देत पाऊल बाहेर ओढायचं. मग टाचा उचलायच्या. मग एका पायावर तीस सेकंद उभं राहायचं, ते जमलं की डोळे मिटून. सगळ्यात शेवटी उड्या आणि पळणं. कॉटवर बसून मोठ्या मुलीने हवेत एबीसीडी गिरवणं म्हणजे विनोदच वाटायचा, रूममेट हसायच्या. पण डोळे मिटून उभी राहिले तेव्हा चांगला पाय स्थिर होता आणि मुरगळलेला थरथरत होता. तेव्हा पटलं!

पुढची मॅच माझ्याविना झाली. बाउंड्रीवर बसून टाळ्या वाजवणं खूप जड गेलं. पण घोटा वारंवार मुरगळायला लागला तर तो कायमचा कमजोर होऊ शकतो, आणि पुढे सांधा झिजायची भीती असते. एका मॅचपेक्षा तो सौदा नक्कीच महाग आहे.

तेव्हा कुणाचा पाय मुरगळून बरा झाला असेल, तर उद्या सकाळी दात घासताना भिंतीजवळ एका पायावर उभे राहून बघा. आधी चांगल्या, मग दुसऱ्या. उत्तर पायच देईल.