दानाची गाडी नावावर चढेपर्यंत
(लेखमाला : देणं-घेणं, भाग ६)

गेल्या आठवड्यात आपण जुनी पुस्तकं आणि कपडे संस्थांना कसे द्यावेत, ते पाहिलं. या वेळी जरा मोठी वस्तू घेऊ. स्कॉर्पिओ, बोलेरो, इनोव्हा, सफारी अशी सात-आठ माणसांची गाडी बीड जिल्ह्यात गावोगाव दिसते. घर भरलेलं होतं तोवर ती लागत होती. मग मुलं पुण्याला गेली, वडिलांना रात्रीची गाडी चालवणं जमेना, आणि गाडी शेडमध्ये उभी राहून तिची बॅटरी उतरायला लागली. विकायला काढली तर गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. मग घरातलंच कुणीतरी म्हणतं, त्यापेक्षा एखाद्या संस्थेला देऊन टाकू.

विचार चांगलाच आहे, आणि आपल्या जिल्ह्यात त्याची गरजही खरी आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, लेकरं मागे राहतात. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीचं शांतिवन, गेवराईचं बालग्राम, पालीचं इन्फंट इंडिया ही अशा किंवा आजाराने एकट्या पडलेल्या मुलांना सांभाळणारी घरं. जिथे एका छपराखाली इतकी मुलं असतात तिथे कुणाला ना कुणाला रात्री ताप चढतोच. दुखणं जड असेल तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठावं लागतं. बीडहून ते नव्वदएक किलोमीटर. तातडीच्या वेळी १०८ येते. पण महिन्याची तपासणी, रक्ताचे रिपोर्ट, परीक्षेचं केंद्र, बाजारातून धान्य आणणं, ही कामं १०८ची नाहीत. तिथे हाताशी गाडी लागते.

म्हणूनच गाडी नीट दिली पाहिजे. किल्ली हातात ठेवली, हार घातला, फोटो काढला, की दान झालं असं आपल्याकडे समजतात. कायद्याने ते अर्धंच खरं आहे. जंगम वस्तूचं दान ताबा दिल्याने पुरं होतं, असं १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो. नोंदणीकृत दानपत्राची सक्ती नाही. मोटार वाहन कायदा मात्र आरसी बुकावर नाव कुणाचं, एवढंच पाहतो. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी पुढे पुढे विकली गेली होती, आरटीओच्या दप्तरी नाव मात्र पहिल्याच मालकाचं होतं. अपघात झाला, त्यात जीव गेला, आणि भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या मालकावर आली. तेव्हा ज्यांनी गाडी दिली आणि नाव तसंच राहू दिलं, त्यांनी आज संध्याकाळीच आरसी काढून बघावी.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. २९ म्हणजे देणाऱ्याने दिलेली खबर, ३० म्हणजे घेणाऱ्याचा अर्ज. राज्यातल्या राज्यात देणाऱ्याला १४ दिवस आणि घेणाऱ्याला ३० दिवस मुदत असते. चेसिस नंबरवर कागद धरून त्यावरून पेन्सिल फिरवायची आणि उमटलेला ठसा अर्जाला जोडायचा. शेडमध्ये दोन वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा नंबर मातीखाली बुजलेला असतो, तो आधी रॉकेलच्या बोळ्याने पुसून घ्यावा. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो, तो फॉर्म ३५ आणि बँकेच्या ना-हरकत पत्राने उतरवून घ्यावा. ऑनलाइन चलन थकलेलं असेल तर भरून टाकावं, आणि फास्टॅग बंद करावा, नाहीतर संस्थेची गाडी पाडळसिंगीच्या टोलवरून गेली की पैसे तुमच्या खात्यातून जातील.

आपल्याकडे वारंवार दिसणारी अडचण वेगळीच आहे. गाडी वडिलांच्या नावावर असते आणि वडील वारलेले असतात. 'बाबांच्या स्मरणार्थ' म्हणून गाडी द्यायची तर आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर घ्यावी लागते. त्याला मृत्यूपासून ३ महिन्यांची मुदत आहे. बाकीच्या वारसांची लेखी संमती हवी. बहिणीची सही घ्यायचं पुष्कळ घरांत कुणाच्या मनातही येत नाही. ती घ्यावीच, कारण दान तिचंही आहे.

घेणाऱ्या बाजूने विश्वस्तांचा ठराव, संस्थेचं पॅनकार्ड आणि धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणीपत्र लागतं. गाडी संस्थेच्याच नावावर व्हावी, अध्यक्षांच्या नव्हे. तुमचा अध्यक्षांवर कितीही विश्वास असला तरी हा आग्रह सोडू नका. वैयक्तिक नावावरून संस्थेच्या नावावर जाताना कराचा काही फरक बसतो का, हेही परिवहन कार्यालयात आधी विचारून ठेवा.

आता पैशांचं. आयकरातली '८०जी'ची सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. रोखीने दिलेल्या २,००० रुपयांवरच्या देणगीलाही नाही. अमेरिकेत गाडी दान केली तर करात सूट मिळते, त्यामुळे तिथे जुन्या गाड्या गोळा करणाऱ्यांचा मोठा व्यवसायच उभा राहिला. लोक मनाला येईल ती किंमत लावायला लागले, तेव्हा २००५पासून नियम आवळला : संस्थेने गाडी विकली तर ती विकून जेवढे आले, साधारणपणे तेवढ्याचीच सूट. आपल्याकडे ती वाटच नाही. सवलत हवी असेल तर गाडी विकून ती रक्कम संस्थेला चेकने द्यावी.

सवलत नको असली तरी मला अनेकदा हाच मार्ग बरा वाटतो. मोठी डिझेल गाडी लिटरला बारा किलोमीटर देते असं धरा. बीड-अंबाजोगाई जाऊन-येऊन १५ लिटर, म्हणजे तेराशे-चौदाशे रुपये एका खेपेला. १५०० सीसीवरच्या खासगी गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा २०२२च्या दराने वर्षाला ७,८९७ रुपये, त्यावर जीएसटी. टायर, क्लच, ड्रायव्हरचा पगार वेगळा. हे सगळं न देता नुसती गाडी देणं म्हणजे दारात हत्ती बांधून चाऱ्याची सोय न करणं. १५ वर्षं पुरी होत आलेली गाडी तर देऊच नये. पुनर्नोंदणीचा आणि हरित कराचा भार लेकरांच्या ताटातून जातो.

ज्यांची गाडी सात-आठ वर्षांची, नीट निगा राखलेली आहे, त्यांनी ती जरूर द्यावी. सोबत पहिल्या वर्षाचा विमा आणि चार नवे टायर द्यावेत. 'विकायची नाही' अशी अट घालू नये. उद्या संस्थेला गाडीपेक्षा वसतिगृहाचं छत गरजेचं वाटलं तर तो निर्णय त्यांना घेता आला पाहिजे. आणि 'रुग्णवाहिका करा' असंही सुचवू नये. मागची सीट काढून स्ट्रेचर टाकला की रुग्णवाहिका होत नाही. त्यासाठी एआयएस-१२५ हे मानक आहे आणि परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. सात आसनांच्या गाडीत चौदा मुलं कोंबायची नाहीत, हेही देतानाच बोलून घ्यावं. नोंदणीपेक्षा जास्त प्रवासी नेले तर दंड होऊ शकतो, आणि धोका मुलांच्या जिवाला आहे.

पुढच्या भागात : जुना ट्रॅक्टर आणि शेतीची अवजारं गावाच्या सामाईक वापरासाठी कशी द्यावीत.