पेण-रोह्याच्या दप्तरांत पूर्वजाचा माग

पेण किंवा रोहा तालुक्यातील एखाद्या शेतकरी कुटुंबाला चार-पाच पिढ्यांपूर्वीच्या पूर्वजाचे जीवन कागदोपत्री शोधावयाचे असेल, तर त्याची गाठ पडते ती महसुली दप्तराशी आणि कोर्टाच्या निकालपत्रांशी. कारण ज्याने स्वतःच्या हाताने एक ओळही लिहिली नाही अशा माणसाने सारा भरला, कर्ज काढले, बांधावरून भांडण केले किंवा मरताना वारसांचा प्रश्न मागे ठेवला, की त्याचे नाव कोणा ना कोणा कारकुनाच्या लेखणीतून उतरत असे. कुलवृत्तांत हा प्रकार मराठीत चांगला रुजला, परंतु तो मुख्यतः ज्या घराण्यांत लिहिणे-वाचणे वंशपरंपरेने चालत आले त्यांचाच राहिला. आगरी, कुणबी किंवा कोळी कुटुंबाला दप्तर हाच आधार असतो, आणि कातकऱ्यांसारख्या भूमिहीनांना तर तोही फार तुटपुंजा मिळतो.

अमेरिकेतील वंशशोधक हेच काम तेथील काउंटीच्या, म्हणजे स्थूलमानाने जिल्ह्यासारख्या घटकाच्या, न्यायालयीन वह्यांतून करतात. व्हर्जिनिया वसाहतीची १६३४ साली आठ विभागांत वाटणी झाली आणि पुढे काउंटी कोर्टाकडे केवळ भांडणांचा निवाडा नव्हे, तर मृत्युपत्रे, खरेदीखते, पोरक्या मुलांचे पालकत्व, विधवेचा हिस्सा आणि रस्त्यांची देखभाल ही सारी कामे आली. अ‍ॅकोमॅक-नॉर्थॅम्प्टन भागातील अशा वह्या १६३२ पासून सलग उपलब्ध आहेत. तेथे एका छपराखाली सापडते ते पेणला तीन दारी विखुरलेले असते: जमीन आणि वारसनोंद मामलेदाराकडे, दिवाणी दावा मुन्सफाच्या (पुढे सब-जज्जाच्या) कोर्टात आणि दस्त दुय्यम निबंधकाकडे. या तिन्ही दारांचे कागद एकमेकांशी जुळवणे, हाच येथील शोधाचा खरा गाभा होय.

त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे पूर्वजाच्या काळी गाव कोणाच्या अमलात होते. पेणचा मुलूख १८१८ साली पेशव्यांकडून इंग्रजांकडे आला. शेजारचे अलिबाग आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानात होते व ते १८४० साली खालसा झाले. पाली-सुधागड भोर संस्थानात आणि मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन जंजिऱ्याच्या सिद्दीकडे १९४८ पर्यंत राहिले. पेण तालुक्याला पूर्वी सांकशी किल्ल्यावरून सांकशी असे नाव होते, आज रोहा तालुक्यात असलेले नागोठणे पूर्वी पेणला जोडलेले होते, आणि ज्याला आज रायगड म्हणतात तो जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. त्यामुळे धरमतर खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर सून म्हणून आलेल्या स्त्रीचे माहेर शोधताना कित्येकदा दुसऱ्याच राज्याचे दप्तर उघडावे लागते.

प्रत्यक्ष काम मात्र आजच्या सातबाऱ्यापासून मागे जात करावयाचे असते. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा यांचा जोड उतारा, ज्यात कब्जेदार, इतर हक्क आणि पिके यांची नोंद असते. त्यात नावांभोवती जे वर्तुळातले क्रमांक दिसतात ते फेरफारांचे, म्हणजे हक्कातील प्रत्येक बदलाच्या नोंदीचे असतात. हक्कनोंदणीची ही पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली आणि १९१३ साली १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात समाविष्ट झाली. घाईचा शोधक फेरफारातून फक्त वारसांची नावे टिपतो आणि पुढे जातो. वास्तविक ही नोंद सावकाश वाचली पाहिजे. मयताची तारीख, वर्दी कोणी दिली, हरकत कोणी घेतली, मंजुरी कोणत्या अधिकाऱ्याने कधी दिली, हे सारे त्यात असते. अल्पवयीन मुलाच्या नावापुढील ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता ही अक्षरे बाप लवकर गेल्याचे सुचवतात, तर ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर या शब्दांआड न दिसणारे धाकटे भाऊ उभे असतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वीच्या वारसनोंदींत मुलींची नावे सहसा नसतात, म्हणून एखाद्या घरात मुलीच नव्हत्या असा निष्कर्ष त्यावरून काढणे चुकीचे ठरते.

पेणच्या खारेपाटात या कागदांना आणखी एक पदर आहे. धरमतर खाडीचे भरतीचे पाणी बाहेरकाठ्याने, म्हणजे समुद्राकडील मोठ्या बांधाने, अडवून आणि उघाडीतून, म्हणजे बांधातील झडपेतून, पावसाचे पाणी सोडून येथे खाजण जमिनीत भात पिकवले जाई. बांध घालणाऱ्या व राखणाऱ्या शिलोत्रदाराला त्याबद्दल कसणाऱ्याकडून धान्याचा ठरावीक हिस्सा मिळे, आणि हा हक्क कुलाबा जिल्ह्यापुरत्या केलेल्या खास कायद्याने १९५५ साली रद्द झाला. बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, की दुरुस्ती कोणी करावयाची यावरून वाद उठे, आणि जमीन खारी होऊन पीक बुडाले तरी सारा व खंड यांची मागणी चालूच राही. एखाद्या कुटुंबाने गाव का सोडले, मिठागरावर किंवा मुंबईला का गेले, याचे उत्तर घरच्या आठवणीत नसले तरी अशा वादाच्या कागदात सापडण्याचा संभव असतो.

सर्वांत मोलाचे, आणि सर्वांत दुर्लक्षित, असे दप्तर कुळकायद्याचे आहे. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले, आणि त्यानंतर कलम ३२-ग खाली किंमत ठरवण्यासाठी शेतजमीन न्यायाधिकरणाने कूळ आणि मालक दोघांचे जबाब घेतले. जमीन किती वर्षे वहिवाटीत आहे, आधी कोण कसत होते, खंड भातात की रोख, कोणत्या साली दिला, पावती मिळाली काय, असे प्रश्न कुळाला विचारले जात, आणि त्याची उत्तरे कारकून लिहून घेई. ज्यांच्या आजोबांनी खोताच्या किंवा सावकाराच्या जमिनीवर आयुष्य काढले, त्यांच्यासाठी हे जबाब म्हणजे त्या पिढीचे जवळजवळ एकमेव बोललेले शब्द होत. खाली अंगठा असतो. किंमत भरल्यावर मिळालेले ३२-म चे प्रमाणपत्र अनेक घरांत पत्र्याच्या पेटीत जपलेले असते, पण त्यामागची फाइल पाहण्याचा विचार सहसा कोणी करत नाही.

दिवाणी कोर्टाचा कागद वेगळ्या रीतीने वाचावा लागतो. दाव्यात वादीची अर्जी, प्रतिवादीची कैफियत, साक्षीदारांच्या जबान्या, निकालपत्र, हुकूमनामा आणि वसुलीची दरखास्त अशी साखळी असते. दोन्ही पक्ष आपापल्या फायद्याचे सांगत असल्याने अर्जीतील विधान हे तथ्य मानून चालत नाही, मात्र दोघांनाही मान्य असलेली गोष्ट, उदाहरणार्थ वंशावळ किंवा मृत्यूचे साल, बरीच भरवशाची असते. १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखालील वारस दाखल्याचे अर्ज या दृष्टीने विशेष उपयोगी असतात, कारण त्यांत मयताचे नातेसंबंध स्पष्ट मांडावे लागतात. वाट, पाणी आणि ताब्याचे किरकोळ वाद १९०६ च्या कायद्याखालील मामलेदार कोर्टात जात, म्हणून ते दिवाणी कोर्टात न सापडणे स्वाभाविक आहे. आणि एकोणिसाव्या शतकात कुलाब्याची अपिले ठाण्याच्या जिल्हा न्यायाधीशापुढे चालत, ही गोष्ट लक्षात न ठेवल्यास माग अर्ध्यावर तुटतो.

दुय्यम निबंधकाकडील गहाणखते, खरेदीखते आणि वाटणीपत्रे शोधण्यास दोन सूची असतात, पहिली व्यक्तींच्या नावांची आणि दुसरी मिळकतींची. दस्ताच्या पहिल्या ओळींत लिहून घेणाऱ्याचे व देणाऱ्याचे गाव, जात, धंदा आणि अजमासे वय येते. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, एवढे समजले की दोन पिढ्या एका ओळीत हाती येतात. आडनाव मात्र जुन्या कागदात नसण्याचीच शक्यता अधिक, म्हणून नाव, बापाचे नाव, गाव आणि सर्व्हे नंबर हे चारही जुळल्याखेरीज तो आपलाच पूर्वज असे ठरवू नये.

जुना कागद मोडीत असतो आणि त्यावरील साल शक, फसली किंवा सुहूर असू शकते. शकात ७८, दक्षिणी फसलीत ५९० आणि सुहूर सनात ५९९ मिळवले असता इसवी सन येतो, वर्षारंभ निराळा असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा राज्यभर शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची निकड सर्वांच्या ध्यानी आली. जातपडताळणीसाठी इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा आणि अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि बहुतेक कुटुंबे दप्तराच्या दारी याच कारणाने प्रथम येतात. गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूचे कोतवाल बुक, ही कुटुंबे एका नोंदीपुरते पाहतात व दाखला मिळाला की थांबतात, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे.

सरकारी कागद वर्गवारीने ठेवले जातात. ‘अ’ वर्ग कायम राहतो, इतर वर्गांतील कागद मुदत संपल्यावर नष्ट करता येतात, आणि कोकणातील दमट हवा व वाळवी मुदतीची वाट पाहत नाहीत. म्हणून पेण-रोह्यातील प्रत्येक कुटुंबाने घरातील जुने दस्त, पावत्या आणि प्रमाणपत्रे यांची छायाचित्रे आजच काढावीत, फेरफार व ३२-ग च्या फाइलींच्या नकलांसाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा, आणि ज्या वृद्धांना बांधांची व शेतांची जुनी नावे आठवतात त्यांच्याकडून ती नकलेच्या मागील बाजूस लिहून घ्यावीत.