वेगाचा उत्तरार्ध

शर्यतीच्या अखेरच्या दोनशे मीटरांत ताशी साठ-सत्तर किलोमीटरांच्या वेगाने झेपावणारा सायकलस्वार पाहिला, की हा एकट्याच्या मांड्यांचा पराक्रम आहे असा प्रेक्षकाचा समज होतो. वस्तुतः वाऱ्याचा विरोध आपल्या छातीवर घेऊन एकामागून एक बाजूला होणाऱ्या सहकाऱ्यांनी त्याची शक्ती त्या क्षणापर्यंत अमानत म्हणून सांभाळलेली असते, आणि ती केव्हा खर्चावी याचा अचूक निर्णय निमिषार्धात करणे हे त्याचे स्वतःचे कर्तृत्व असते.

आयल ऑफ मॅन बेटावरच्या मार्क कॅव्हेंडिशला ही विद्या जितकी साधली तितकी क्वचितच कोणाला साधली असेल. २००८ ते २०११ या चार वर्षांत त्याने ‘टूर द फ्रान्स’चे २० टप्पे जिंकले, २०११ साली गुणांची हिरवी जर्सी पटकावली आणि त्याच वर्षी कोपनहेगन येथे जगज्जेतेपदही मिळवले. त्या काळी विजय हे जणू त्याचे वतन होते, आणि पराभव म्हणजे त्यावर आलेली बेकायदा जप्ती!

२०१६ अखेर विजयांची संख्या ३० झाली आणि मग ओहोटी लागली. एप्स्टीन-बार विषाणूने त्याला ग्रासले. २०१७ मध्ये व्हिटेल येथील अपघातात खांद्याचे हाड मोडले. २०१८ साली नैराश्याचे निदान झाले, आणि त्याच वर्षी डोंगरी टप्पा मुदतीत पुरा न झाल्याने तो शर्यतीतून बाद ठरला. पुढील दोन वर्षे तर त्याची ‘टूर’साठी निवडच झाली नाही, आणि २०२० च्या ऑक्टोबरात बेल्जियममधील एका शर्यतीनंतर, ही कदाचित आपली शेवटचीच शर्यत असेल असे सांगताना त्याला अश्रू आवरले नाहीत.

२०२१ साली त्याच्या जुन्या बेल्जियन संघाने त्याला पुन्हा आश्रय दिला, आणि संघाचा वेगवान स्वार सॅम बेनेट याचा गुडघा दुखावल्याने ‘टूर’साठी ऐनवेळी त्याची वर्णी लागली. २९ जून रोजी फूजेर येथे तो जिंकला, पाच वर्षांनी. पण त्याच्या अंगी आलेली प्रगल्भता पाहावयाची असेल तर डोंगरी टप्प्यातील तीन्यच्या चढणीकडे वळावे. तेथे सहकाऱ्यांच्या सोबतीने, मुदत संपण्यास अल्प अवधी उरला असता, तो शिखरी पोहोचला. आणि विश्रांतीचा एक दिवस उलटताच व्हॅलान्स येथे, सहकारी मिकेल मोर्कोव्हच्या चाकामागून सुटून, त्याने आणखी एक टप्पा जिंकला. ज्या डोंगरांवर नाव कमावण्याची त्याला मुळीच आशा नव्हती, तेथे केवळ टिकून राहण्याचे कष्ट उपसणे, हीच सपाट रस्त्यावरील विजयाची पहिली अट आहे, हे त्याने आता मनोमन स्वीकारले होते. त्या वर्षी त्याने चार टप्पे जिंकून एडी मर्क्स यांच्या ‘टूर’मधील ३४ टप्पा-विजयांच्या विक्रमाची बरोबरी केली.

२०२३ मध्ये गळपट्टीचे हाड मोडूनही त्याने निवृत्तीचा जाहीर केलेला मनोदय मागे घेतला. २०२४ साली ‘टूर’च्या पहिल्याच टप्प्यात, उष्म्याने वांत्या होत असता, संघातील सोबती त्याच्यापाशी राहिले. आणि ३ जुलै रोजी सँ-व्हुल्बास येथे, वयाच्या ३९ व्या वर्षी, अखेरच्या धुमाळीत एका प्रतिस्पर्ध्याच्या चाकामागून दुसऱ्याच्या चाकामागे सरकत, मोकळी वाट दिसताच उसळी घेऊन, त्याने ३५ वा विजय मिळवला.

तारुण्यातील वेग ही निसर्गाची देणगी असते, म्हणून ती गेली की माणूस हताश होतो; परंतु ज्याने ती एकदा गमावली आणि दुसऱ्यांच्या साहाय्याने, धीराने व बुद्धीने पुन्हा संपादन केली, त्याच्या वेगात कृतज्ञतेचाही अंश मिसळलेला असतो, आणि माझ्या मते कॅव्हेंडिशचे ते शेवटचे पाच विजय आधीच्या तिसांहून थोर आहेत.