टाचदुखी : सुईआधी धीर
सकाळी पहिले पाऊल टेकताच टाचेत उठणारी कळ बहुधा तळव्यातील ‘प्लांटर फॅशिया’ या चिवट पट्ट्याची असते. एक्स-रेत दिसणाऱ्या वाढलेल्या हाडाला उगाच दोष दिला जातो. ते वेदनारहित टाचांतही आढळते. पोटरी व तळवा ताणण्याचे व्यायाम, मऊ पादत्राणे, फरशीवर अनवाणी न चालणे, एवढ्याने बहुतेकांना वर्षभरात आराम पडतो. उपाय स्वस्त आहे. धीर तेवढा महाग! स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने लवकर बरे वाटते, परंतु थोडेच दिवस. वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याची भीती असते. सहा महिन्यांनंतरही दुखणे हटले नाही, तर विनाछेद शॉकवेव्ह उपचाराविषयी अस्थितज्ज्ञांना विचारावे. दुर्बिणीद्वारे लहानशा छेदातून पट्टा सैल करणे हा अखेरचा मार्ग. तोही सहसा अर्धाच कापतात, कारण पूर्ण कापल्यास तळव्याची कमान खचू शकते.