आधी आवाज, मग नाटक

गॅदरिंगला संगीत नाटक करायचं म्हटलं, की शाळा आधी नाटक ठरवतात आणि मग गाणारी मुलं शोधतात. मी आधी पेटी काढून आवाज ऐकतो. आठवी-नववीत मुलग्यांचा आवाज फुटतो. जूनमध्ये काळी चारमध्ये सहज गाणारा डिसेंबरात तिथं पोचेलच असं नाही. भर रंगमंचावर चिरकलेला मुलगा पुन्हा गायला धजत नाही. म्हणून अर्जुन खुशाल मुलीला द्यावा. बालगंधर्वांची सुभद्रा चालली, मग हे का चालू नये? किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त (१८८२) शंभराहून अधिक पदं आहेत, त्यातली आठ-दहा पुरेत. मला विचाराल तर देवलांची ‘शारदा’ (१८९९) घ्या. म्हाताऱ्याशी लग्न ठरलेली ती पोर या मुलींना समजावून सांगावी लागत नाही.